ङ गाईचा, ञ डासाचा

दिवस पहिला, रविवार

लाओसची राजधानी विएंतियान, तिथून सकाळच्या रेल्वेने निघाले आणि दोन तासांत लुआंग प्राबांगला उतरले. ही रेल्वे डिसेंबर 2021मध्ये सुरू झाली. त्याआधी हाच प्रवास घाटातून बसने करायचा म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. खिडकी मिळूनही बाहेरचं फार दिसलं नाही. विएंतियान ते चीनची सीमा या मार्गावर 75 बोगदे आहेत. एक संपतो न संपतो तोच दुसरा. मधल्या उजेडात दिसली ती धसकटं उरलेली भातखाचरं, केळी आणि एकदा पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी.

गाव मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलं आहे. मला खोली मिळाली ती नाम खानच्या बाजूला. घरमालकीणबाईंना इंग्रजी बेताचंच येतं, मला लाओ मुळीच येत नाही, त्यामुळे बोलणं भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सुरू झालं. त्या एकेका वारावर बोट ठेवत गेल्या आणि मी वहीत उतरवत गेले. वन आथित, वन चन, वन अङखान, वन फुत, वन फहत, वन सुक, वन साओ. लिहिता लिहिता हात थांबला. आदित्य, चंद्र, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र! ‘वन’ म्हणजे दिवस. शनिवारचं ‘साओ’ तेवढं ओळखू आलं नाही, बाकी सगळी आपलीच माणसं निघाली. मी एकेक नाव आपल्या उच्चारात म्हणून दाखवलं, तेव्हा बाईंनी आतून लेकीला हाक मारून आणलं आणि मला पुन्हा म्हणायला लावलं.

मी इथे दहा दिवस राहणार आहे ते इंग्रजी बोलायचा सराव द्यायला आणि लाओ शिकायला. तेवीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. निवृत्तीनंतर एकदा, दुसऱ्या एका देशात, एका संस्थेकडे बरेच पैसे भरून आठवडाभर स्वयंसेवक शिक्षिका म्हणून गेले होते. त्या वर्गाला इंग्रजी मुळाक्षरं पाठ होती, रंग पाठ होते, फळं पाठ होती, कारण माझ्या आधीच्या आठवड्यातल्या पाहुणीनेही तेच शिकवलं होतं आणि तिच्या आधीच्या पाहुण्यानेही. मुलांची रोजची शिक्षिका मागच्या बाकावर गप्प बसून असायची. तिचं एक वाक्यही मला समजत नव्हतं आणि समजून घ्यायचं मला सुचलंही नाही. ती खंत अजून जात नाही. म्हणून या वेळी दोन गोष्टी ठरवून आले. लहान मुलांचा वर्ग घ्यायचा नाही, आणि जितका वेळ शिकवायचं तितकाच वेळ समोरच्याकडून शिकायचं.

दिवस दुसरा, सोमवार

सकाळी थंडी होती. नदीवर धुकं इतकं दाट की पलीकडचा काठ दिसत नव्हता.

‘बिग ब्रदर माउस’ ही लाओ भाषेत मुलांसाठी पुस्तकं काढणारी संस्था 2006 साली इथेच सुरू झाली. तिथे रोज इंग्रजीचा सराव करायला तरुण मुलंमुली येतात आणि गावात आलेला कुणीही प्रवासी त्यांच्याशी बोलायला बसू शकतो. मी गेले तेव्हा टेबलाशी दोघं होती. एक मुलगी, खमु लोकांच्या गावातून आलेली, एका गेस्ट हाउसमध्ये काम करणारी. दुसरा करड्या स्वेटरमधला मुलगा, हमोंग जमातीचा, इथल्या सुफानुवोंग विद्यापीठात शिकणारा. नावं त्यांनी सांगितली, पण इथे लिहीत नाही.

पहिला प्रश्न माझ्या वयाचा आला. त्यात आगाऊपणा काही नव्हता. मला हाक काय मारायची ते वयावरून ठरायचं होतं. ठरलं ‘पा’. आईची किंवा वडिलांची मोठी बहीण ती पा. आपण मावशी आणि आत्या वेगळ्या करतो, लाओ भाषा थोरली आणि धाकटी वेगळी करते. आईची धाकटी बहीण ‘ना’ आणि वडिलांची धाकटी बहीण ‘आ’. म्हणजे धाकट्यांच्या बाबतीत तीही आपल्यासारखाच भेद पाळते. हे कळायलाच वीस मिनिटं गेली आणि मला ती फार आवडली.

मग माझी अट सांगितली: अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास लाओ. मुलीने मान डोलावली. मुलाने विचारलं, “पा, लाओ शिकून तुम्ही काय करणार?” मी म्हटलं, तुमच्याशी बोलणार. त्याला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

इंग्रजीत त्यांची अडचण व्याकरणाची नाही. शब्दाचं शेपूट गळतं. ‘लाइक’, ‘लाइफ’, ‘लाइट’ हे तिन्ही शब्द दोघांच्याही तोंडून ‘लाय’ असेच येतात, ‘राइस’सुद्धा. लाओमध्ये ‘आय’च्या पुढे व्यंजन येतच नाही, आणि इतरत्र शेवटी क, त, प आले तरी ओठ किंवा जीभ नुसती मिटते, हवा सुटत नाही. स, फ शेवटी येत नाहीत. ‘र’ची जागा बहुतेक वेळा ‘ल’ किंवा ‘ह’ घेतो. मी वहीचं पातळ पान फाडून तोंडासमोर धरलं. ‘लाइफ’ म्हटल्यावर कागद हलला पाहिजे, ‘लाइट’ म्हटल्यावर शेवटी जरासा फडफडला पाहिजे. मुलीचा कागद तिसऱ्या खेपेला हलला. तिने तो घडी करून पाकिटात ठेवला.

नंतर माझी पाळी. मुलाने टेबलावरचा पेला उचलला आणि म्हणाला, “अन नी मेन ञङ?”

हे काय आहे? प्रश्न साधाच. पण मी ‘ञङ’ असं वहीत लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसले. ‘काय’ या अर्थाचा शब्द, आणि त्यात फक्त ‘ञ’ आणि ‘ङ’. तेवीस वर्षं मी ही दोन अक्षरं फळ्यावर लिहिली. तक्त्यावर कमळाचा क, खटाऱ्याचा ख, गणपतीचा ग, घराचा घ, आणि पुढे ‘ङ’ची चौकट रिकामी. ‘ञ’ची तशीच. दर वर्षी एखादं पोर विचारायचं, “बाई, याचं चित्र का नाही?” आणि मी सांगायचे, यांचा शब्द नसतो रे, पाठ करा.

दिवस तिसरा, मंगळवार

आज मुलीने लाओ मुळाक्षरांचं पुस्तक आणलं. तिथे अक्षरालाच शब्द जोडून म्हणतात. को कै, म्हणजे कोंबडीचा क. खो खै, अंड्याचा ख. मग खो ख्वाय, म्हशीचा दुसरा ख. आणि चौथं अक्षर: ङो ङुआ. ङ गाईचा! चित्रात एक पिवळसर गाय गवत खात उभी.

पुढे ‘च’चा वर्ग, आणि त्याच्या शेवटी ञो ञुङ, ञ डासाचा. मी दोन्ही चित्रांवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मुलीला वाटलं मला उच्चार जमत नाही, म्हणून ती हळूहळू पुन्हा म्हणून दाखवू लागली. उच्चार जमत होता. इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रवाशांना इथे क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांतला फरक धरायला जड जातो. आपल्याला तो पाळण्यापासून मिळालेला आहे.

वर्णमालेचा क्रमही आपलाच आहे. आधी कंठातले, मग टाळूचे, मग दातांचे, मग ओठांचे. ‘ट’चा वर्ग नाही. मूळचे ग, घ आता ख झाले आहेत, म्हणून गुरूचा ‘खू’ झाला. हे एकदा लक्षात आलं की शब्द उलगडायला लागतात. भाषा म्हणजे ‘फासा’. आहार ‘आहान’. मित्र ‘मित’. वेळेला ‘वेला’. ‘लोक’ म्हणजे जग. विद्यापीठाला म्हणतात ‘महाविथयालाय’. मुलाला सांगितलं की आमच्याकडे महाविद्यालय म्हणजे कॉलेज, तर तो म्हणाला, मग मी तुमच्या हिशेबाने खालच्या वर्गात गेलो.

पण शब्द ओळखीचे म्हणून भाषा सोपी झाली असं नाही. सूर आहेत. ‘कै’ म्हणजे कोंबडी, ‘कै’ म्हणजे जवळ आणि ‘कै’ म्हणजे लांब. फरक फक्त आवाजाच्या चढउताराचा. दुपारी रस्त्यात एका आजींना टेकडी जवळ आहे का असं विचारायचं होतं. आजींनी माझं वाक्य दोनदा ऐकून घेतलं, मग हाताने दिशा दाखवून माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आल्या. संध्याकाळी मुलीने माझा हात धरला आणि सुराबरोबर तो हवेत वर-खाली नेला. आवाज नव्हे, आधी हात शिकला. तिची ही युक्ती मी कागदाच्या बदल्यात घेतली.

दिवस चौथा, बुधवार

पहाटे ढोल ऐकून उठले. भिक्षू आणि सामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, रांगेने भिक्षेला निघाले होते. मी रस्त्याच्या पलीकडे, अंधारात, कॅमेरा न काढता उभी राहिले. काही पाहुणे भिक्षूंच्या तोंडासमोर जाऊन फ्लॅश मारत होते. हे बघवत नाही. ही प्रार्थनेची वेळ आहे आणि जिथे तिथे लांब उभं राहण्याची विनंती करणाऱ्या पाट्या आहेत.

संध्याकाळच्या सरावाला भगव्या चिवरातला सोळा-सतरा वर्षांचा एक सामणेर आला. इथे शब्दही ‘सामणेन’ असाच आहे. बाईने भिक्षूच्या हातात वस्तू द्यायची नसते, म्हणून मी वही टेबलावर ठेवायची आणि त्याने उचलायची. दोन वेळा केल्यावर ते अंगवळणी पडलं.

त्याला इंग्रजीत आपल्या विहाराबद्दल सांगायचं होतं. वाट शिएंग थोंग हे देऊळ राजा सेट्ठाथिराथने 1560च्या सुमारास बांधवलं, त्याच काळात राजधानी इथून विएंतियानला गेली, मुख्य दालनाला ‘सिम’ म्हणतात. सिम म्हणजे पाली ‘सीमा’. त्याची वाक्यं सरळ करून देताना मी विचारलं, तुम्ही सकाळी काय म्हणता? त्याने म्हटलं, “फुत्थङ सलनङ खत्सामि.”

बुद्धं सरणं गच्छामि. माझ्या शाळेत 14 एप्रिलच्या कार्यक्रमात मुलं दर वर्षी त्रिसरण म्हणायची. मी माझ्या उच्चारात पुढची ओळ म्हटली, धम्मं सरणं गच्छामि. तो थबकला. मग तिसरी ओळ आम्ही दोघांनी एकदम म्हटली, तो त्याच्या चालीत आणि मी माझ्या. आपला अनुस्वार त्याच्याकडे ‘ङ’ होऊन येतो, हे तेव्हा कानाला कळलं.

14 एप्रिल ही तारीख मी सांगितली तर तो म्हणाला, त्याच दिवसांत आमचं नवं वर्ष असतं. ज्या मूर्तीवरून या गावाला नाव मिळालं ती प्राबांग मूर्ती तेव्हा राजवाड्यातून बाहेर आणतात आणि लोक तिला पाण्याने न्हाऊ घालतात.

दिवस पाचवा, गुरुवार

करड्या स्वेटरवाल्या मुलाशी आज एकटीच बोलले. तीन दिवस मी त्याला लाओ भाषेचा जाणकार समजत होते. आज म्हणाला, “पा, माझंही लाओ शाळेतलंच आहे. सहा वर्षांचा होईपर्यंत मला फक्त हमोंग येत होतं.” पहिल्या दिवशी वर्गात बाई काय म्हणतात ते कळायचं नाही, मग शेजारचा उठला की उठायचं आणि बसला की बसायचं. गेस्ट हाउसमधल्या मुलीचं तेच, तिची घरची भाषा खमु. ती लाओच्या कुळातलीही नाही, कंबोडियातल्या ख्मेरच्या कुळातली आहे. म्हणजे मला लाओ शिकवणारी दोघंही स्वतः ती परक्या भाषेसारखी शिकलेली. सूर हाताने दाखवायची युक्ती तिला कुठून सुचली ते आता समजलं.

मी त्याला म्हटलं, मग आजचा माझा अर्धा तास हमोंगचा. त्याने आपल्या जमातीचं नाव रोमन अक्षरांत लिहून दाखवलं. एच, एम, दोन ओ आणि शेवटी बी. हा ‘बी’ उच्चारायचा नसतो, तो उंच सूर दाखवतो. दोन ‘ओ’ म्हणजे नाकातला स्वर. ही लेखनपद्धती 1950च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्येच मिशनऱ्यांनी आणि हमोंग लोकांनी मिळून बसवली. शेवटी व्यंजन जवळजवळ येतच नाही, म्हणून ती अक्षरं सुरांच्या कामाला लावली. किती शहाणपणाचा विचार आहे हा!

त्याचं हे लिहिणं शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. परदेशी गेलेल्या काकांशी फोनवर संदेश लिहिता यावेत म्हणून तो आपणहून शिकला.

दिवस सहावा, शुक्रवार

नाम खानवर पावसाळा संपला की बांबूचा पूल बांधतात आणि पाणी चढायच्या आत काढून घेतात. त्यावरून पलीकडे गेले आणि चालत बान शांग खोंगला पोचले. विणकरांचं आणि हातकागदाचं गाव. एका मागावर साठीच्या बाई बसल्या होत्या. इंग्रजी शून्य. मुलीने सोबत येऊन दुभाषाचं काम केलं.

बाईंना संभाषण नको होतं. त्यांना एकच वाक्य हवं होतं: हे मी स्वतः विणलं आहे. लाओमध्ये “खोय हेत एङ”, मी केलं, स्वतः. इंग्रजी वाक्य तीन शब्दांचं केलं आणि आम्ही ते तासभर म्हटलं. धोटा इकडून तिकडे गेला की एक शब्द. मोबदल्यात त्यांनी सुतांच्या लडींवर हात ठेवून रंग सांगितले. देङ लाल, दाम काळा, खाओ पांढरा, खिओ हिरवा. निघताना एक फ्रेंच जोडपं आलं. बाईंनी ते वाक्य म्हटलं, शेवटच्या व्यंजनासकट.

दिवस सातवा, शनिवार

आज लिहायला जड जातं आहे.

काल परतताना मी मुलीला एकेका वस्तूचं नाव विचारत होते, ञङ, ञङ. शेताच्या बांधावर गंजलेला पत्र्याचा तुकडा पडला होता, त्याकडे बोट केलं तर तिने माझा हात मागे ओढला. तो साधा पत्राच होता, पण ती म्हणाली, “बॉम्बी असू शकतो.” तिच्या गावात लहान मुलांना हा शब्द फार लवकर शिकवतात. चेंडूएवढी गोल वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं.

आज न फुटलेल्या बॉम्बची माहिती देणाऱ्या इथल्या केंद्रात गेले. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेले सुमारे 27 कोटी लहान बॉम्ब होते आणि त्यांपैकी जवळजवळ तीस टक्के फुटलेच नाहीत. ते अजून शेतांत, जंगलांत, बांबूच्या मुळांत आहेत. ‘बॉम्बी’ हा इंग्रजीतून आलेला शब्द. मी या गावात इंग्रजी बोलायला शिकवते आहे आणि इंग्रजीतला हा एक शब्द त्यांना माझ्या किती आधी येत होता.

दिवस आठवा, रविवार

सर्दी. दिवसभर खोलीत. मालकीणबाई दोनदा विचारून गेल्या, “किन खाओ लेओ बो?” जेवलात का? या वाक्याला मला भाषांतर लागलं नाही.

दिवस नववा, सोमवार

मुलाला इंग्रजीतला ‘अंडरस्टँड’ अवघड जातो, म्हणून मी विचारलं, लाओत समजण्याला काय म्हणता? “खाओ चाय.” खाओ म्हणजे आत शिरणं, भातालाही तोच शब्द. चाय म्हणजे मन, हृदय. मनात शिरलं म्हणजे समजलं. ‘दी चाय’, चांगलं मन, म्हणजे आनंद झाला. ‘सिआ चाय’, मन हरवलं, म्हणजे दुःख झालं. ‘चाय होन’, तापलेलं मन, म्हणजे उतावळा. मी त्याला मराठीतलं सांगत गेले: मन भरून येतं, मन खातं, मनातून उतरतं, मनावर घेतो. मुलीने विचारलं, तुमच्या भाषेत मन किती कामं करतं! मग दोघांनी मिळून दोन रकान्यांची यादी केली आणि सामणेर संध्याकाळी आला तेव्हा त्याने त्यात पालीतला ‘मनो’ घातला.

त्या यादीनंतर मुलगी म्हणाली, “पा, उद्या इंग्रजी नको. मराठी.”

मला हे अपेक्षित नव्हतं. मराठीचा त्यांना काय उपयोग, असं तोंडापर्यंत आलं होतं. मुलाने पहिल्या दिवशी मला हेच विचारलं होतं, ते आठवलं आणि गप्प राहिले. रात्री वहीच्या मधल्या दोन पानांवर मुळाक्षरांचा तक्ता आखला. चित्रं काढता येत नाहीत, तरी कमळ, घर, चमचा, छत्री जमतील तशी काढली.

दिवस दहावा, मंगळवार

दुपारची गाडी. सकाळी तिघंही आली, सामणेरसुद्धा, विहारातून परवानगी घेऊन.

‘घ’ कुणालाच जमला नाही. प्रत्येकाचं घर ‘खर’ होत होतं. ‘झ’वरही बराच वेळ गेला. ‘ळ’ मात्र मुलाने लगेच उचलला आणि बाळ, केळं, डोळा असं जोरजोरात म्हणत बसला. शेवटचं व्यंजन पूर्ण सोडायचं हे त्यांनी इंग्रजीसाठी शिकलेलं मराठीला उपयोगी पडलं: हात, पाय, नाक, कान.

मग मुलीने तक्त्यावरच्या पहिल्या ओळीतल्या पाचव्या चौकटीवर बोट ठेवलं. “पा, हे काय आहे?” मराठीत विचारलं, अर्ध्या तासापूर्वी शिकलेलं वाक्य, ‘हे’ थोडा वरच्या सुरात. मी सांगितलं, हा ङ. चित्र नाही, कारण आमच्याकडे याचा शब्द नाही.

तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली. रिकाम्या चौकटीत आधी दोन शिंगं काढली, मग तोंड, मग पोट आणि चार पाय. चौकट लहान पडली म्हणून शेपूट ‘घ’च्या घरात गेली. मुलाने वही आपल्याकडे ओढली आणि खालच्या ओळीत ‘ञ’च्या चौकटीत लांब सोंडेचा डास काढला. वही टेबलावर ठेवली. सामणेराने ती उचलून नीट बघितली आणि दोन्ही चित्रांखाली लाओ लिपीत नावं लिहिली.